बंदिस्त हरणांची वीण : यश कशाला म्हणावे?

नाशिक आणि हरीण यांची सांगड पंचवटीइतकीच जुनी आहे. रामाने मायावी सुवर्णमृगाचा वध जेथे केला असे लोक सांगतात, ते मृगव्याधेश्वराचे देवस्थान निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे आहे. येवला तालुक्यातील ममदापूर, राजापूर, खरवंडी, देवदरी या गावांच्या माळरानावर आजही काळविटांचे कळप मोकळे हिंडतात. त्यांच्या रक्षणासाठी ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झालेले आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हे कळप शिवारात उतरतात आणि बांधाच्या कडेला एखादे एकटे पाडस शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते. आई टाकून गेली, या समजुतीने दयाळू मनुष्य ते उचलून घरी आणतो. अनेक हरणांची कैद अशी भूतदयेपोटीच सुरू होते.

वास्तविक पाडस टाकलेले नसते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस मादी त्याला गवतात दडवून दूर चरते आणि ठराविक वेळी येऊन पाजते. निश्चल पडून राहणे हेच त्या वयातील त्याचे संरक्षण. घरी आणलेल्या पाडसास गाईचे दूध पाजले जाते. हरणीचे दूध त्याहून पुष्कळ घट्ट व स्निग्ध असते. साहजिकच पाडसाचे पोषण नीट होत नाही, त्याला हगवण लागते आणि बहुधा ते दगावते. जगलेच, आणि नर निघाले, तर प्रश्न अधिक अवघड होतो. माणसाच्या हातून वाढलेला नर माणसालाच आपल्या जातीचा समजू लागतो. वयात आला की ज्याने बाटलीने दूध पाजले त्याच्याच अंगावर तो शिंगे रोखतो. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे व ते पाळणे हा गुन्हा आहे. पाडस आढळल्यास त्याला हात न लावता, कुत्री दूर ठेवून, जवळच्या वनरक्षकास कळविणे एवढेच करावयाचे असते.

बोलीभाषेत सरसकट हरीण म्हटले जात असले, तरी चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे भरीव असून ती गळतात व पुन्हा उगवतात; काळवीट व चिंकारा यांची पोकळ शिंगे आयुष्यभर टिकतात. बंदिस्त प्राण्यांची निगा राखणाऱ्यास हा भेद केवळ पुस्तकी नाही. चितळाच्या नव्या शिंगांवर मखमली कातडे असते, तोवर नर शांत असतो. कातडे सुकून गळाले व शिंगे टणक झाली की तो माजावर येतो, आरवतो आणि झुंजी घेतो. चितळांमध्ये सर्व नरांचा माज एकाच हंगामात येत नाही, त्यामुळे कळपात वर्षभर कोणी ना कोणी झुंजीस सिद्ध असतोच. काळवीट नर तर आपल्या हद्दीत ठराविक जागी लेंड्यांचे ढीग घालून मालकी सांगतो. रानात हरलेला नर पळून जातो. कुंपणात पळण्यास जागा नसते. पराभूत नर कोपऱ्यात सापडतो आणि प्राणास मुकतो.

एवढे असूनही बंदिवासात हरणांची वीण खुंटत नाही, हे विशेष. चितळाची मादी सुमारे आठ महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा एकच पाडस देते. काळविटात हा काळ सहा महिन्यांचा असून प्रसूतीनंतर मादी लवकरच पुन्हा गाभण राहू शकते. बिबट्या नाही, दुष्काळ नाही, चारा हमखास. मग संख्या वाढत जाते. दिल्लीच्या हौज खास येथील ए. एन. झा मृगोद्यानात १९६०च्या दशकात आणलेल्या सहा चितळांचे पुढे सुमारे सहाशे झाले. पाडसांची ही मोजणी पाहून कोणीही यश म्हणेल. परंतु सहा जीवांपासून सहाशे होणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच संकर होणे. दाटी, रोगाची भीती व हा आप्तसंकर लक्षात घेऊन केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या उद्यानाची मान्यता काढून घेतली आणि चितळे अन्यत्र हलविण्याचे ठरले.

कळप एका कुंपणात एकत्र असला की रोग किती वेगाने पसरतो, हे महाराष्ट्राने जुलै २०२५ मध्ये पाहिले. पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात लाळ्या-खुरकूत रोगाने थोड्याच दिवसांत पंधरा-सोळा चितळे दगावली. हा गुरांच्या गोठ्यातील परिचित रोग; चारा, पाणी, माणसांची पादत्राणे, कशावाटेही तो आत येऊ शकतो.

उपाय ठाऊक आहेत, पण ते कंटाळवाणे आहेत व दीर्घकाळ पाळावे लागतात. नर आणि माद्या वेगळ्या आवारांत ठेवणे, कोणते पाडस कोणाचे याची वंशावळ लिहिणे, नर अधूनमधून दुसऱ्या संग्रहालयाशी बदलणे आणि माद्यांना व पाडसांना दडण्यासाठी उंच गवत राखणे. संख्या झाल्यावर हरणे हलविणे हा सर्वांत कठीण मार्ग होय. जाळ्यात धरलेले हरीण भीतीनेच स्नायू निकामी होऊन तासाभराने, कधी काही दिवसांनीही मरते. म्हणून अलीकडे आफ्रिकेतील बोमा पद्धती वापरतात. यात आडोशाच्या कापडी भिंती नरसाळ्यासारख्या निमुळत्या करीत कळपाला हाताचा स्पर्शही न होता थेट वाहनात चढविले जाते.

बंदिस्त विणीची खरी गरज असते ती जात नष्ट होऊ लागल्यावर. मध्य प्रदेशातील कान्हा येथे १९७०च्या सुमारास बारशिंगे अवघी ६६ उरली होती. तेथे कुरणाचाच एक भाग कुंपणाने वेढून, वाघ बाहेर ठेवून, काही बारशिंगे आत वाढविण्यात आली. त्यांची संतती पुन्हा मोकळ्या कुरणात गेली, कळप सावरले आणि २०१५ पासून त्यांतील काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसविण्यात आली.