रानातील औषधी अळंबी व त्यांतील खनिजांचे मापन

पावसाळा सुरू झाला की वारुळांवर, कुजलेल्या पानांत व झाडांच्या बुंध्यांवर नाना प्रकारची अळंबी उगवतात. मुले ती कुतूहलाने शाळेत आणतात आणि ‘गुरुजी, हे औषधी आहे का?’ असे विचारतात. कोकणात फणसाच्या खोडावर वाढणारा कठीण, लाकडासारखा फणसांबा घरगुती औषध म्हणून परिचित आहे. लहान मुलांच्या तोंडातून लाळ फार गळू लागली असता तो वापरण्याची जुनी रीत आहे. अशा वस्तूत खनिजे कोणती व किती, हे शास्त्रज्ञ कसे ठरवितात, याची माहिती शिक्षकांस असणे इष्ट होय.

अळंबे ही हिरवी वनस्पती नव्हे. ते आपले अन्न लाकडातून, पाल्यातून वा मातीतून शोषून घेते. त्याबरोबर पोटॅशियम, फॉस्फरस, लोह, जस्त, तांबे ही उपयुक्त द्रव्ये त्यात येतात. तसेच जागा दूषित असल्यास शिसे, कॅडमियम व पारा हेही येतात. शिशाने बालकांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, कॅडमियमने मूत्रपिंडास. यास्तव रानातील औषधाची परीक्षा दोन्ही अंगांनी करावी लागते.

प्रथम तज्ज्ञाकडून जातीची ओळख पटवून घेतात. मग नमुन्यास चिकटलेली माती काळजीपूर्वक काढतात, कारण मातीचा कण राहिला तर त्यातील लोह अळंब्याच्या नावावर जमा होते. गंजलेली सुरी याच कारणास्तव वर्ज्य. नंतर तुकडे मंद उष्णतेवर वाळवितात व वजन स्थिर झाले म्हणजे त्यांची पूड करतात. ताज्या मांसल अळंब्यात सुमारे 90 टक्के पाणी असते. म्हणून खनिजांचे प्रमाण कोरड्या वजनावर सांगितले आहे की ओल्या, हे न पाहता आकड्यांची तुलना करणे चुकीचे ठरते.

पूड नायट्रिक आम्लात तापवून विरघळवितात. सेंद्रिय भाग नष्ट होतो आणि खनिजे द्रावणात उतरतात. हे द्रावण ज्योतीत फवारून त्यातून विशिष्ट प्रकाश सोडतात. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. जितके अणू अधिक, तितके शोषण अधिक. या तत्त्वावरील मापनपद्धती ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. माहीत प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करून आकडा मिळतो. शिवाय पूड न घालता केवळ आम्लाचे एक ‘कोरे’ द्रावणही तपासतात.

पुढील हिशेब त्रैराशिकाचाच आहे. समजा, 0.5 ग्रॅम पुडीचे 50 मिलिलिटर द्रावण केले. त्यात लोह दर लिटरला 2.1 मिलिग्रॅम व कोऱ्या द्रावणात 0.1 मिलिग्रॅम आढळले. वजाबाकी 2.0. म्हणजे 50 मिलिलिटरमध्ये 0.1 मिलिग्रॅम. हे 0.5 ग्रॅममधून आले, म्हणून एक किलोग्रॅम पुडीत 200 मिलिग्रॅम. वरच्या वर्गास हे उदाहरण अवश्य घालावे.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. खनिजे उत्तम निघाली म्हणून अळंबे निर्विष ठरत नाही. अमानिटा फॅलॉइडिस या प्राणघातक अळंब्याचे विष हे खनिज नव्हे, सेंद्रिय द्रव्य आहे. धातू मोजणाऱ्या यंत्रास ते दिसत नाही व उकळल्याने ते नाहीसे होत नाही. विषारी अळंब्याने चांदीचे नाणे काळे पडते, ही समजूतही निराधार आहे. तिच्यावर विसंबून जीव गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

शाळेत आम्लाचा प्रयोग करू नये. त्याऐवजी बाजारातील लागवडीची 100 ग्रॅम धिंगरी आणून, वजन स्थिर होईपर्यंत उन्हात वाळवावी व रोजचे वजन फळ्यावर लिहावे. पाण्याचे प्रमाण मुले स्वतः काढतील. रानातील अळंबे मात्र पाहावे, त्याचे चित्र काढावे, पण तोंडात घालू नये, हा नियम पहिल्या पावसाआधीच प्रत्येक वर्गात सांगितला जावा. कोणी खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा बरोबर घेऊन त्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे.