मान खाली घालून टिपलेलं जग

कॅमेरा डोळ्याला लावायचा असतो, असं आपण धरूनच चालतो. रोलायफ्लेक्स मात्र पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडून मान खाली घातली की दुधी काचेवर समोरचं दृश्य दिसतं, डावं-उजवं उलटं. पुढे एकावर एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावरून काचेवर पडतो आणि खालचं भिंग फिल्मवर चित्र उमटवतं. दोन्ही भिंगं एकत्रच मागेपुढे सरकतात. त्यामुळे काचेवरचं चित्र स्पष्ट झालं की फोटोही स्पष्ट येणार, याची खात्री असते.

हा कॅमेरा जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातला. तिथल्या फोइग्टलेंडर या नामांकित कंपनीत राइनहोल्ड हायडेके नोकरी करत होते. रोल फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची त्यांची कल्पना कंपनीला रुचली नाही. मग व्यापाराची बाजू सांभाळणारे पाउल फ्रांके यांच्यासोबत त्यांनी १९२० मध्ये स्वतःचा कारखाना काढला. हीच कंपनी पुढे रोलाय म्हणून ओळखली गेली. सुरुवातीच्या ‘हायडोस्कोप’ला तीन भिंगं होती. कडेची दोन त्रिमित चित्रासाठी आणि मधलं नुसतं पाहण्यासाठी. त्यातलं चित्र टिपणारं एक भिंग वगळून उरलेली दोन उभी मांडली आणि १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आला. सहा बाय सहा सेंटीमीटरची चौकोनी निगेटिव्ह हीच त्याची ओळख झाली.

मान झुकवलेला छायाचित्रकार समोरच्याला अंगावर आल्यासारखा वाटत नाही. शिकागोच्या रस्त्यांवर हजारो अनोळखी चेहरे टिपणाऱ्या विवियन मायर यांच्या हातात हाच कॅमेरा होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही तो वापरला.

कॅमेऱ्यात एकटा माणूस पाहतो. प्रोजेक्टर ते दृश्य साऱ्यांना दाखवतो. रोलायने १९६० मध्ये ‘पी ११’ हा स्लाइड प्रोजेक्टर आणला. चौकोनी मोठ्या स्लाइड्स आणि ३५ मिलिमीटरच्या लहान स्लाइड्स या एकाच यंत्रावर दाखवता येत. प्रोजेक्टरचं भिंग चित्र उलटं करतं, म्हणून स्लाइड डोकं खाली करून ठेवायची. पुढे दोन भिंगांचे प्रोजेक्टर आले. त्यात पडद्यावरचं एक चित्र हळूहळू विरत दुसरं उमलायचं.

१९६६ मध्ये हाइन्झ वास्के यांनी घडवलेला चिमुकला ‘रोलाय ३५’ आला. भिंग आत ढकलून तो खिशात टाकता येई. त्याने कंपनीला मोठं यश मिळवून दिलं. पण त्याच काळात जपानी कॅमेरे स्वस्त आणि सरस होत चालले होते. खर्च उतरवण्यासाठी रोलायने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंगापूरमध्ये भलामोठा कारखाना उभारला. लहान-मोठे कॅमेरे, फ्लॅश, प्रोजेक्टर असं सगळंच एकाच वेळी करायला घेतलं. कर्ज वाढत गेलं. ज्या फोइग्टलेंडरने कधीकाळी हायडेकेंना नकार दिला होता, तिचं नावही १९७४ मध्ये रोलायकडे आलं. पण १९८१ मध्ये रोलायचंच दिवाळं निघालं. त्यानंतर मालक बदलत राहिले. मधली काही वर्षं कंपनी सॅमसंगकडेही होती. ब्राउनश्वाइगमध्ये दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स बनवण्याचं काम अखेर २०१५ मध्ये थांबलं.

एक काम जीव ओतून केलं तेव्हा रोलाय मोठी झाली आणि दहा कामांमागे धावली तेव्हा थकली. तिची यंत्रं मात्र इतकी पक्की, की नीट जपलेल्या जुन्या रोलायफ्लेक्समध्ये आजही फिल्म भरून फोटो काढता येतात. स्लाइड्सना मात्र बुरशी आणि दमट हवा सोसत नाही, रंगही उडतात. तुमच्या माळ्यावर स्लाइड्सचा एखादा डबा असेल, तर हा पावसाळा येण्याआधी तो खाली काढा. एकेक स्लाइड उजेडासमोर धरा, स्कॅन करून ठेवा. त्यातले चेहरे ओळखणारी माणसं घरात आहेत, तोवरच हे काम करा.