पेडल मऊ लागते तेव्हा

ब्रेकचे पेडल घट्ट न लागता स्पंजासारखे दबण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा. द्रव दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. हवा आकसते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी तिला दाबण्यातच खर्च होतो.

तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल, तर हवेचा संशय धरावा. मागच्या ड्रम ब्रेकचे शू सैल असले तरी असेच होते. पाय स्थिर असूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील झिजलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. अशी गाडी चालवूच नये. केवळ घाट उतरताना पेडल मऊ पडणे हे बहुधा जुन्या ऑइलचे लक्षण. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलची वाफही हवेसारखीच दबते.

आधी गळती थांबवावी, मग एअर काढावी. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल आवळायचे. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत असतो. डबीतले ऑइल संपू दिले, तर हवा पुन्हा शिरते. एबीएस असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो. काढलेले ऑइल परत कधीही भरू नये.