चौलच्या परसातला मेक्सिको

परदेश प्रवास आता मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला आहे. सिंगापूर झालं, युरोप झालं, की पुढची यादी सुरू होते आणि तिच्यात अलीकडे मेक्सिकोचंही नाव ऐकू येतं. तिथले पिरॅमिड, रंगीबेरंगी बाजार, आणि १ व २ नोव्हेंबरला होणारा मृतांचा सण. घरातून गेलेल्या माणसांच्या तसबिरी मांडायच्या, त्यांच्या आवडीचे पदार्थ समोर ठेवायचे आणि सगळं झेंडूच्या फुलांनी सजवायचं. सर्वपित्री अमावास्येला पान वाढणाऱ्या आपल्या लोकांना यातलं मर्म उलगडून सांगावं लागत नाही. ‘युनेस्को’नं २००८ साली या सणाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावं. पण ज्यांच्या खिशाला किंवा गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही, त्यांनी हळहळू नये. मेक्सिको आपल्या घरी कधीचाच येऊन राहिला आहे. तो ज्या दारांनी आला त्यांतलं एक दार पाहायचं, तर अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागावं.

नागाव मागे पडलं की चौल येतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं, तळी. आज निवांत वाटणारं हे गाव एकेकाळी मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास इथेच उतरला. त्याचं स्मारक शेजारच्या रेवदंड्यात आहे. गंमत अशी, की निकितिन आला तेव्हा चौलच्या एकाही घरात मिरची नव्हती! बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, पेरू नव्हता, दसऱ्याच्या तोरणाला झेंडू नव्हता. तिखटाचं काम मिरी करत असे. मिरचीनं पुढे तिचं कामही घेतलं आणि नावही. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो १४९२ साली. त्यानंतर १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीनं रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. ज्यांची जहाजं दोन्ही गोलार्धांत फिरत होती, त्या लोकांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेतली झाडंपेडं आपल्या किनाऱ्यावर उतरू लागली.

आजही रस्ता या किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले आपण मान वर करून पाहतो, फोटो काढतो. मनोऱ्याखालच्या वाडीकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. देवळापुढचा चाफा, कुंपणाशी फुललेला झेंडू, हारवाल्याच्या टोपलीतला निशिगंध आणि बाजूच्या झाडावरचा चिकू ही सारी मंडळी मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. त्यांना पाहुणे म्हणावं, तर आपल्या देवपूजेचं पान त्यांच्यावाचून हलत नाही.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे कुठल्याही व्यवहाराची दुसरी बाजू बघायची खोड मला लागली आहे. इकडे एवढं जमा झालं, तर तिकडे काय गेलं? आंबा गेला. स्पेनची जहाजं १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये ये-जा करत होती. मेक्सिकोत आंब्याची एक जात आजही ‘मनिला’ याच नावानं विकली जाते. चिंचेचं सरबत तिथे आवडीनं पितात. ‘मोले’ नावाचा त्यांचा मानाचा रस्सा त्यांच्या मिरच्यांचा खरा. पण त्यात तीळ, लवंग आणि दालचिनी असते, ती आपल्या बाजूची. म्हणजे खातं दोन्हीकडे चालू होतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावमार्गे पुढे गेलं की कोर्लई लागतं. किल्ला, दीपगृह आणि पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या. किल्ल्यावरून कुंडलिकेचं मुख आणि पलीकडचं रेवदंडा एका नजरेत मावतं. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा मात्र राहिली. लोक तिला ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर १९९६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. पोर्तुगालशी संबंध तुटल्यावरही अडीचशे वर्षांहून अधिक काळ ही बोली कोर्लईच्या ओट्यांवर तोंडोतोंडी चालत आली, यात माझ्या मते त्या किल्ल्याच्या तटाहून मोठा पराक्रम आहे.

आता तिचे बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास उरले आहेत. शाळा मराठी, बाजार मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी. मुलांना नोकरीसाठी इंग्रजी हवी. यात कुणाचा दोष नाही. पोटामागे भाषा जातेच. आपण सुट्टीवाले तेवढे जंजिरा गाठायच्या घाईत कोर्लईच्या फाट्यावरून गाडी भरधाव नेतो, आणि थांबलोच तर किल्ल्यापुरते.

पुढच्या खेपेला तासभर जास्त थांबावं. कुणाला ‘बोलून दाखवा हो’ असं म्हणू नये. आपल्याच घरी कुणी येऊन मराठी बोलून दाखवायला सांगितलं, तर कसं वाटेल? मासळी घ्यावी, भाव विचारावा, मुलांना जवळ बसवून घ्यावं. सहज गप्पांत त्यांची भाषा कानावर पडली तर ऐकावी, आवडली तर तसं सांगावं. बाहेरच्या माणसाला आपल्या बोलीचं अप्रूप वाटतं हे घरातल्या लहानग्यांनी ऐकलं, तर त्याचाही काही उपयोग होतो.

मिरची आणि झेंडूची चिंता नाही. एका परसात वाळले तरी दहा परसांत उगवतील. ही भाषा कोर्लईच्या घरांत थांबली, तर तिचं बी मागायला आपण कुणाच्या दारी जाणार?