पौषातील वर्षाऋतू : अंतानानारिव्हो येथील मुक्कामाच्या निमित्ताने

डिसेंबर २०२२ च्या उत्तरार्धात आम्ही सपत्नीक मादागास्कर या आफ्रिकी बेटराष्ट्राच्या राजधानीत, अंतानानारिव्हो येथे, तीन आठवडे राहून आलो. प्रयोजन कौटुंबिक होते. आमचे आतेभाऊ तेथे तयार कपड्यांच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. त्याच वर्षीच्या आषाढात आमची चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या सांगलीहून त्यांच्याकडे राहावयास गेली होती. नाताळच्या सुट्टीत यावे, असा उभयतांचा आग्रह होता.

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही. त्या मुक्कामात आम्हास स्वतःच्याच एका चुकीचे दर्शन घडले. परदेशस्थ रुग्णांना दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या अनेक वैद्यबंधु-भगिनींकडून ती नकळत होत असावी, असे वाटल्याने येथे निवेदन करीत आहोत.

आरशातील पुणे-मुंबई

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकोणीस अंशांवर आहे. अंतानानारिव्हो दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंशांवर आहे. नकाशा विषुववृत्तावर दुमडला, तर दोन्ही नगरे एकाच आडव्या रेषेत यावीत. समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडे खाली, हे नगर टेकड्यांवर पसरलेले आहे. उष्ण कटिबंधात असूनही उंचीमुळे येथील हवा सौम्य आहे. नावाचा अर्थ ‘सहस्रांचे नगर’. सतराव्या शतकाच्या प्रारंभी राजा आंद्रियानजाका याने येथे ठेवलेल्या सहस्र सैनिकांवरून ते पडले, असे सांगतात.

नैरोबीमार्गे पोहोचून विमानतळाबाहेर पडलो, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा भाताची खाचरे होती. तांबडी माती, तांबड्या विटांची उंच व अरुंद घरे, खाचरांतून चालणारे मोठ्या वशिंडाचे बैल, हे सारे पाहून मावळाची आठवण व्हावी. जुन्या फ्रेंच बनावटीच्या साईच्या रंगाच्या टॅक्सी मात्र आपण कोठे आलो आहोत, हे लगेच सांगत होत्या.

पुण्याहून निघताना पहाटे स्वेटर लागत होता. येथे सकाळी स्वच्छ ऊन असे. दुपारी दोनच्या सुमारास ढग जमू लागत आणि तीन-चारला विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळे. वर्षभरात येथे सरासरी १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातील बहुतांश नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो. वरच्या वस्तीतून आनालाकेली या बाजारपेठेकडे उतरणाऱ्या लांबच लांब दगडी पायऱ्यांवरून त्या वेळी पाण्याचे लोट वाहत. सखल भागातील वस्त्यांना पुराचे भय नित्याचेच आहे. आम्ही गेलो त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘आना’ वादळाच्या पावसाने त्या भागांत मोठी हानी केली होती.

अशा पावसात नाताळ आला. देशातील फार मोठा वर्ग ख्रिस्ती असल्याने हा सण येथे घरोघरी असतो. प्रार्थनामंदिरांतून समूहगायन ऐकू येई. नवे कपडे घातलेली मुले एका छत्रीखाली चौघे-चौघे जात होती. रस्त्याच्या कडेला लिचीचे ढीग लागले होते, कारण पूर्व किनाऱ्यावरील लिची नेमकी याच दिवसांत पिकते. त्या दिवशी पंचांगानुसार पौष शुद्ध द्वितीया होती. गॅलरीत बसून पागोळ्यांकडे पाहत आत्या म्हणाली, “अरे, हा कसला पौष? हा तर आषाढ.” त्या एका वाक्याने आमची झोप उडाली.

आत्याचे आजारपण

आम्ही पोहोचलो, तेव्हा आत्या अंथरुणावर होती. पंधरा दिवसांपासून अन्नावर वासना नव्हती. पोट जड, जिभेवर पांढरा थर, सकाळी सांध्यांत ताठरपणा आणि चार दिवसांपासून सायंकाळी अंगात बारीक ताप. आतेभाऊ धास्तावले होते, आणि त्यास कारण होते.

मादागास्करच्या उंच प्रदेशात प्लेग अद्याप नाहीसा झालेला नाही. सप्टेंबर ते एप्रिल हा त्याचा हंगाम. २०१७ साली राजधानीसह शहरी भागांत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तिच्यात सुमारे २४०० रुग्ण नोंदले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. आम्हा महाराष्ट्रीयांना या इतिहासाकडे परक्याच्या नजरेने पाहता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार करणारी ती साथ १८९८ मध्ये जहाजांतून या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील तोआमासिना बंदरात पोहोचली आणि १९२१ मध्ये राजधानीत शिरली. चरकांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल या चार सामान्य भावांची विकृती सांगितली आहे. तो अध्याय अशा ठिकाणी पुन्हा वाचावा, म्हणजे त्यातील शब्द किती जवळचे आहेत हे ध्यानी येते.

अशा देशात, अशा हंगामात, ताप आलेल्या वृद्धेचे निदान केवळ नाडी व जिव्हा पाहून करणे हा प्रमाद ठरला असता. शिवाय तेथे वैद्यकी करण्याचा परवाना आमच्यापाशी नव्हता. प्रथम स्थानिक डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी खोकला आहे का, जांघेत वा काखेत गाठ आहे का, हे विचारले व तपासले आणि मलेरियासह रक्ताच्या चाचण्या करविल्या. काही भयंकर निघाले नाही. पचन बिघडले आहे, हलके अन्न द्या व लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्यानंतरच आम्ही घरातील माणूस या नात्याने तिच्या आहाराची चौकशी आरंभिली.

उत्तर ऐकून आम्ही निरुत्तर झालो. ती म्हणाली, “तूच नाही का फोनवर सांगितलंस? मार्गशीर्ष लागला, आता डिंकाचे लाडू घे, उडीद खा, तूप वाढव. सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं.”

आम्ही तसे सांगितले होते. मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत, हेमंतात अग्नी प्रबल, म्हणून गुरू व स्निग्ध आहार, हे आम्ही सवयीने बोलून गेलो होतो. पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आषाढ-श्रावणात आम्ही तिला पेज, मुगाचे कढण व लंघन सांगितले होते. त्या वेळी येथे कोरडी थंडी होती. भूक सपाटून लागे आणि ती बिचारी पेजेवर राही. त्वचा फुटली, मलावष्टंभ झाला, तेव्हा ‘पाणी बदलले असेल’ असे म्हणून आम्ही विषय संपविला होता. भुकेच्या दिवसांत उपास आणि मंदाग्नीच्या दिवसांत लाडू असे दोन्ही ऋतूंत आम्ही तिला उलट चालविले होते.

शास्त्राचा दोष नव्हे

चूक शास्त्राची नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. चरकसंहितेच्या तस्याशितीय अध्यायात वर्षाचे आदान व विसर्ग असे विभाग केले आहेत, ते सूर्य, वायू व सोम यांच्या बलाबलावर. आपल्या देशात सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा तो आपल्या डोक्याकडे येत असतो, म्हणून उत्तरायण हा आदानकाल. विषुववृत्ताच्या दक्षिणेस हाच न्याय लावला, तर सूर्य दक्षिणेकडे सरकतो तेव्हा तो तेथील लोकांच्या डोक्याकडे येतो. म्हणजे आपले दक्षिणायन हाच त्यांचा आदानकाल. अंतानानारिव्होत नोव्हेंबरच्या मध्यानंतर व पुन्हा जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर असतो. आम्ही अंगणात उभे राहून पाहिले, तो सावली पायाशी गोळा झालेली. पुण्यात हे दृश्य मे ते जुलैत दिसते.

ऋतू देशानुसार बदलतात, हेही आपल्या परंपरेस ठाऊक होते. गंगेच्या दक्षिणेस पाऊस दीर्घकाळ असल्याने तेथे प्रावृट् व वर्षा असे दोन ऋतू मानावेत आणि उत्तरेस थंडी अधिक असल्याने हेमंत व शिशिर मानावेत, असे काश्यपांच्या नावे मत टीकाग्रंथांत येते. एकाच देशात नदीच्या दोन तीरांवर ऋतूंची मांडणी बदलणाऱ्या आचार्यांनी विषुववृत्त ओलांडल्यावर काय सांगितले असते, याविषयी संशय नको.

महिन्याची नावे दूर जातात, ऋतू जात नाहीत. मादागास्करची भाषा आग्नेय आशियातून, बोर्निओकडून आलेल्या लोकांची आहे. तिच्यातील काही जुन्या मासनामांत संस्कृत महिन्यांची नावे मलय व जावा बेटांच्या मार्गे उतरली आहेत, असे भाषाभ्यासक सांगतात. नाव समुद्र ओलांडून गेले, पण त्याखालचे आकाश निराळे राहिले. आम्ही मात्र दूरध्वनीवर नुसते नाव पाठविले होते.

रानुवुला

आतेभावांच्या घरी स्वयंपाकास मदत करणाऱ्या एक मलागासी बाई येतात. भात काढून घेतल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड त्या खरपूस होईतो तापवीत, तीत पाणी ओतून उकळीत व गाळून जेवणाबरोबर कोमट देत. यास ‘रानुवुला’ म्हणतात. ‘रानु’ म्हणजे पाणी. हे पेय त्या देशात घरोघरी आहे. भात हेच मुख्य अन्न, बहुधा तीन वेळचे. सकाळी पातळ, मऊ भात, त्याचे नाव ‘वारी सुसुआ’. त्यात पालेभाजी शिजविली की ते वेगळे पक्वान्न होते.

वर्षाऋतूत भूमीचा बाष्प, अम्लविपाकी जल व मंद झालेला अग्नी यांमुळे वातादी दोष बिघडतात. म्हणून वाग्भटांनी जुने धान्य, यूष व उकळलेले पाणी सांगितले. भाजलेल्या तांदळाचे लघुत्वही आपल्या ग्रंथांत आहे. रानुवुला या एकाच पेयात भाजणे व उकळणे हे दोन्ही संस्कार आहेत. पुराचे पाणी विहिरी व नळांत मिसळणाऱ्या नगरात उकळल्याशिवाय पाणी न पिण्याची ही रीत किती जीव वाचवीत असेल!

आत्याने सांगितले, “या बाई महिनाभर मला हेच प्या म्हणत होत्या. मी म्हटलं, आमचे वैद्य लाडू सांगतात.” हे ऐकताना आम्हास मान खाली घालावी लागली. ज्यांनी आपल्या अंगणातील पाऊस पाहून सल्ला दिला, त्या बाई त्या घरात आमच्यापेक्षा चांगल्या वैद्य होत्या.

पुढील उपचार साधा होता. लाडू, उडीद व दिवास्वाप बंद केले. तीन दिवस वारी सुसुआ, त्यात चिमूटभर सुंठ व सैंधव. तहानेस रानुवुला. ताप गेला, जीभ स्वच्छ झाली, तेव्हा मुगाचे यूष व थोडे तूप. आमलक्षणे पूर्ण ओसरल्यावरच कोमट तिळतेलाचा अभ्यंग सुरू केला. दहाव्या दिवशी ती आमच्याबरोबर खाचराच्या बांधापर्यंत चालत आली. गुडघे दुखतात, ते वयाचे आहे. पण अन्न गोड लागू लागले. बांधावर मंडूकपर्णी, आपला कारिवणा, दाट पसरलेली होती. मलागासी लोक तिला ‘तालापेट्राका’ म्हणतात व व्रणावर वापरतात. ओळखीची वनस्पती पाहून आत्येला झालेला आनंद वर्णन करण्याजोगा होता.

वैद्यवर्गास विनंती

आज आपले रुग्ण मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे आहेत. मॉरिशसमध्ये तर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना ऋतुचर्या सांगण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात, अशी नम्र सूचना आहे.

एक, पंचांगातील महिना न विचारता आकाशाविषयी विचारावे. पाऊस आहे का, पहाटे थंडी किती, दिवस वाढतो आहे की घटतो आहे?

दोन, भूक विचारावी. अग्नी हाच ऋतूचा खरा साक्षी आहे. आत्याला आषाढात भूक लागते का, हे एकदा विचारले असते, तरी आमची चूक तेथेच उमगली असती.

तीन, ऋतुसंधीचे भान ठेवावे. मागच्या ऋतूचे शेवटचे व पुढच्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून पूर्वीची चर्या हळूहळू सोडावी, असे वाग्भट सांगतात. विमानप्रवासी हेमंतातून वर्षेत एका दिवसात उतरतो. त्याने निघण्यापूर्वी आठवडाभर आहार हलका करीत जावे आणि पोहोचल्यावर आठवडाभर जपावे.

चार, त्या प्रदेशातील साथीचे रोग कोणते, याची माहिती ठेवावी आणि ज्वरात प्रथम तेथील डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्यावी. यात कमीपणा नाही.

पाच, तेथील घरगुती आहार विचारावा. त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचे ऋतुसात्म्य त्यांच्या पातेल्यात असते.

निघण्याच्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे पाऊस आला. आत्येने आमच्या हाती खरवडीची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, “घरी नेऊन पाणी उकळ.” पुण्यात उतरलो, तेव्हा कडाक्याची थंडी होती. ती पुरचुंडी आम्ही डब्यात जपून ठेवली आणि आषाढ लागल्यावर उघडली.