सोयाबीन, भुईआवळी आणि दारूने पोळलेले यकृत

मराठवाड्यातील देवणी तालुक्यात सोयाबीनच्या रानात यकृताची औषधे म्हणून नावाजलेल्या दोन वनस्पती शेजारी-शेजारी वाढतात. एक पेरलेली असते; दुसरी खुरपणीत उपटून बांधावर फेकली जाते. पेरलेल्या सोयाबीनच्या दाण्यातून लेसिथिन निघते. उपटलेली ती भुईआवळी. कावीळ झाली की तिचा रस आजही गावोगाव दिला जातो. दारूने बिघडणारे यकृत अशा वनस्पतींमधली द्रव्ये वाचवू शकतात का, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांनी काही दशके नेटाने घेतला आहे.

प्यालेल्या दारूतल्या अल्कोहोलचा फार मोठा भाग यकृतातच मोडला जातो. पहिल्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि खरे विष तेच. पेशीतल्या प्रथिनांना चिकटून ते त्यांचे काम बंद पाडते. दुसऱ्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटेट होते, ते फारसे अपायकारक नाही. या खटाटोपात चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि ती पेशींमध्ये साठू लागते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात अल्कोहोल मोडणारे आणखी एक विकर वाढते. त्यातून पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे उग्र कण सुटतात आणि त्यांना आवर घालणारे ग्लुटाथायोन संपत जाते. आतड्याचे अस्तरही सैल पडते, जिवाणूंची विषे रक्तावाटे यकृतात शिरतात आणि सूज भडकते. सूज फार काळ राहिली की यकृतातल्या ताराकृती पेशी चिवट तंतू विणू लागतात. आधी चरबी, मग सूज, शेवटी सिरॉसिस, असा हा उतार आहे. लोक ‘पोटात पाणी झालं’ म्हणतात, तेव्हा बहुधा तो बराचसा उतरून झालेला असतो.

४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याविषयीच्या प्रश्नावलीत एक पेय १० ग्रॅमचे धरतात. त्या हिशेबाने एक क्वार्टर म्हणजे सहा पेये.

औषधी द्रव्य यकृत बिघडण्याच्या या साखळीच्या कोणत्याही कडीवर काम करू शकते: उग्र कण शमवणे, ग्लुटाथायोन राखणे, सूज उतरवणे, तंतू विणणे थांबवणे. सोयाबीनच्या लेसिथिनकडून सर्वांत मोठी आशा होती ती शेवटच्या कडीवर. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स लीबर यांनी १९७४ मध्ये बबून माकडांवर दाखवून दिले होते की सकस आहार देऊनही नुसत्या अल्कोहोलने सिरॉसिस होतो. ‘चांगले खाल्ले तर दारू बाधत नाही’ हा समज तिथेच मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पुढे लीबर यांनीच बबूनच्या रोजच्या अल्कोहोलयुक्त आहारात सोयाबीनच्या लेसिथिनमधले फॉस्फॅटिडिलकोलीन मिसळले. काही वर्षे चाललेल्या या प्रयोगात नुसते अल्कोहोल मिळालेल्या बहुतेक माकडांच्या यकृतात तंतूंचे जाळे पसरले. फॉस्फॅटिडिलकोलीन मिळालेली माकडे त्यातून बचावली. माणसाच्या इतक्या जवळच्या प्राण्यात इतका स्पष्ट निकाल क्वचितच मिळतो.

म्हणून माणसांवरची चाचणीही मोठी झाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधून ७८९ रुग्ण निवडले गेले. ते दिवसाला सरासरी १६ पेये घेत होते. तिथले पेय १४ ग्रॅमचे, म्हणजे आपल्याकडच्या साडेतीन क्वार्टरहून जास्त. निम्म्यांना दोन वर्षे रोज साडेचार ग्रॅम फॉस्फॅटिडिलकोलीन दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. २००३ मध्ये निकाल छापून आला: तंतूंच्या वाढीत दोन्ही गटांत फरक नव्हता. पण चाचणीत परिचारिका आणि डॉक्टर प्रत्येक रुग्णाशी पिण्याविषयी नियमित बोलत होते. त्यामुळे दोन्ही गटांचे पिणे दिवसाला सुमारे अडीच पेयांवर आले होते. पिणेच एवढे घटल्यावर औषधाने सावरावे असे नुकसान फारसे उरले नसावे. या विषयावरच्या साऱ्या संशोधनात याहून मोलाचा निष्कर्ष दुसरा नाही, आणि तो गोळीतून आलेला नाही.

सोयाबीनमध्ये डेडझिन नावाचे आणखी एक द्रव्य असते. चीनमध्ये दारू सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कुडझू वेलीतही ते सापडते. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ते हॅमस्टर उंदरांना दिले, तेव्हा त्यांचे अल्कोहोल पिणे कमी झाले. सोयाबीन खाऊन माणसाची दारू सुटते, असा अर्थ मात्र त्यातून काढता येत नाही.

भुईआवळीची कीर्ती कावीळ बरी करण्याची आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांनी, नोबेलविजेते बारूक ब्लमबर्ग यांच्यासह, ‘लॅन्सेट’मध्ये तिच्यावरची चाचणी प्रसिद्ध केली. हिपॅटायटिस-बी बाळगणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे तिच्यात म्हटले होते. नंतर इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत हे यश पुन्हा मिळाले नाही. गावातल्या अनुभवाचे कारण वेगळे आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे औषध पोटात गेले, श्रेय त्याला मिळते. पिणाऱ्याची कावीळ निराळी. ती आतून बिघडत चाललेल्या यकृताची खूण असते आणि पिणे चालू राहिले तर रसाने उतरत नाही. तिला साधी कावीळ समजून वाया घालवलेले दोन-तीन आठवडे पुष्कळांना महागात पडतात.

युरोपात यकृताच्या औषधाचा असाच मान मिल्क थिसल या काटेरी झुडपाच्या बियांमधल्या सिलिमारिनला मिळाला. व्हिएन्नात १७० सिरॉसिसग्रस्तांवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार वर्षांनी सिलिमारिन घेणारे ५८ टक्के, तर न घेणारे ३९ टक्के जिवंत होते. १९९८ मध्ये स्पेनमधल्या २०० मद्यपी रुग्णांत मात्र असा काहीच फायदा दिसला नाही.

हळद मराठवाड्याला अधिक जवळची. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. २००३ च्या एका प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनने अल्कोहोल दिलेल्या उंदरांच्या यकृतातली सूज रोखली. पण कर्क्युमिन माणसाच्या आतड्यातून रक्तात फारच कमी उतरते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी मिऱ्यातल्या पिपरिनची जोड दिली आणि हे प्रमाण वीसपटीने वाढल्याचे नोंदवले. तेव्हापासून मिरीयुक्त हळदीच्या गोळ्यांचा बाजार फोफावला. अशा गोळ्यांनी यकृतच सुजल्याच्या नोंदीही त्यामागून आल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतून नोंदलेल्या अशा दहा रुग्णांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती. भाजीतल्या चिमूटभर हळदीला हे लागू नाही. प्रश्न अर्क काढलेल्या, मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे.

औषधी वनस्पतीनेच यकृत सुजल्याची दुसरी गोष्ट, गुळवेलीची, महाराष्ट्रातलीच आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दारूने आधीच अधू झालेल्या यकृतावर अनोळखी चूर्णाचा भार टाकण्यातला धोका यातून उघड होतो.

खरा उपाय पिणे थांबवणे हाच. यकृतात साठलेली चरबी पिणे पूर्ण थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत ओसरते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत आपल्या मनाने थांबू नये. दारू अचानक तुटल्याने येणारी हातापायांची थरथर, भ्रम आणि झटके जिवावर बेतू शकतात. थांबण्याचे ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात.

आणि कावीळ म्हटली की घरात सुरू होणारे कडक पथ्य पिणाऱ्याच्या काविळीत घातक ठरते. डाळ बंद, तेल बंद, नुसता भात आणि उसाचा रस, अशाने आधीच झिजलेला स्नायू आणखी झिजतो. सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. तुरीचे वरण, अंडी, दूध यांतून ती मिळतात. निरोगी यकृत रात्रभर पुरेल इतकी साखर साठवून ठेवते, आजारी यकृताला ते जमत नाही. त्यामुळे निरोगी माणसाच्या शरीरात जवळपास तीन दिवसांच्या उपासाने जे होते, ते या रुग्णाच्या शरीरात एका रात्रीच्या उपासाने होते. म्हणूनच झोपण्यापूर्वी भाकरी-वरण किंवा दूध-पोळी असे काही खाऊनच त्याने अंथरुणाला पाठ टेकावी, असे यकृततज्ज्ञ सांगतात.