घोडबंदर: पाण्याकडून वाचायचा किल्ला

सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून डोंगराकडे निघालेली माणसं बहुधा कान्हेरीला जातात. त्याच डोंगररांगेच्या उत्तर टोकाशी, काशीमिऱ्याच्या पुढे, खाडीकाठच्या टेकडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. ज्या रस्त्याने रोज हजारो गाड्या ठाण्याला जातात त्याला या गावाचंच नाव आहे, तरी वर चढून जाणारे मोजकेच.

चढ थोडका आहे. दगड-चुन्याची तटबंदी, माथ्यावरचा गोल बुरूज, एवढं पाहून परतलं तर किल्ला लहानसा वाटतो. त्याचं मोठेपण बुरुजाकडे पाठ करून उभं राहिल्यावर कळतं. खाली भरतीचं रुंद पाणी, काठाने खारफुटी, पलीकडे तुंगारेश्वरची रांग. राजमाचीच्या खोऱ्यातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते. तिथे तिचा एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जातो आणि मुख्य प्रवाह साष्टी बेटाला वळसा घालत वसईशी समुद्राला मिळतो. घोडबंदर या वळशावर आहे.

भरतीचं पाणी पार कल्याणपर्यंत चढतं, म्हणूनच कल्याण हे बंदर होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांनी तिथे जहाजं बांधायला घेतली. ती समुद्रात कशी उतरणार, ही वसईच्या पोर्तुगीजांची चिंता होती. १६५९ मधल्या त्यांच्या पत्रव्यवहारात या जहाजांचा उल्लेख आहे. बुरुजावरून खाडी पाहताना ती चिंता नकाशाशिवाय समजते: उत्तरेच्या वाटेने निघालेल्या गलबताला या टेकडीखालून आणि मग वसईच्या तोफांसमोरून जावं लागे.

वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली ती डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने. दोनशे वर्षं टिकलेली ही सत्ता चिमाजीअप्पांनी मोडली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या मोहिमेला वाट दाखवणारे लोक याच परिसरातले होते, आणि मला या सगळ्या इतिहासात ते सर्वांत महत्त्वाचे वाटतात. एक मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे. दुसरे भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ. धर्माच्या नावाने चाललेला जाच सोसलेल्या या माणसांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षं दाद मागितली. कुठे उतार आहे, कुठल्या चौकीवर किती माणसं आहेत, हे सांगणारे तेच. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठे रात्री खाडी ओलांडून साष्टीत उतरले, तेव्हा ठाण्याचा किल्ला बांधून पुरा झालेला नव्हता. ठाणं पडलं आणि त्याच वर्षी घोडबंदरही मराठ्यांकडे आलं. वसईसाठी मात्र मे १७३९ उजाडावा लागला.

मालाड स्टेशनवर रोज उतरणाऱ्या किती जणांना अंताजी रघुनाथ माहीत असतील? हे नाव उपनगरातल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मुलांना घोडबंदरला न्यावं, बुरुजावर उभं करावं आणि ही गोष्ट पाण्याकडे बोट दाखवून सांगावी.

त्यांना सांगताना एक वर्ष मात्र तपासून घ्यावं. घोडबंदर १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलं, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. पेशवाई संपली ते हे साल, म्हणून ते सहज चिकटलं असावं. साष्टीचा इतिहास वेगळा आहे. पेशव्यांच्या घरातल्या भांडणाचा फायदा घेऊन इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणं जिंकलं, साष्टी बळकावली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे घोडबंदरवर मराठ्यांचा अंमल जेमतेम सदतीस वर्षं होता. पेशवाई संपण्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधीच हा काठ इंग्रजांकडे गेला.